संगणकाच्या एएमसीत राखण कुठे आहे?

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य,
औद्योगिक वसाहतींच्या संघटना व व्यापारी संघटना,
कोल्हापूर जिल्हा

विषय : लहान उद्योगांच्या संगणक देखभालीसाठी नमुना करार तयार करण्याबाबत

स. न. वि. वि.

शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि शहरातल्या पेठांमधले संगणक सांभाळायचं काम मी करतो. माझी गिऱ्हाइकं म्हणजे तुमचेच सभासद. दोन लेथ आणि एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन) असलेलं वर्कशॉप, लक्ष्मीपुरीतला धान्याचा होलसेलर, एखादी पॅथॉलॉजी लॅब, वीस-पंचवीस संगणकांची फौंड्री. यातल्या कुणाकडेही आयटी डिपार्टमेंट नाही. मालकाच्या मोबाइलमध्ये ‘कॉम्प्युटरवाला’ म्हणून सेव्ह केलेला एक नंबर असतो, तेच डिपार्टमेंट. बहुतेक ठिकाणी त्या नंबरवाल्याचं आडनावही कुणाला ठाऊक नसतं.

तुम्ही अधूनमधून सायबर सुरक्षेवर व्याख्यानं ठेवता. वक्ते चांगले असतात, स्लाइडवर टोपडं घातलेला हॅकर असतो, ओटीपी कुणाला देऊ नका असं सांगितलं जातं. मालक मंडळी टाळ्या वाजवतात, जेवण होतं आणि सगळे घरी जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी जो माणूस संगणकासमोर बसतो तो त्या सभागृहात नव्हता. दिवाणजी नव्हता, स्टोअरवाला नव्हता, डिस्पॅचची चलनं काढणारी मुलगी नव्हती. आणि ज्याच्याकडे सगळ्या संगणकांचे पासवर्ड आहेत तो कॉम्प्युटरवाला तर नव्हताच, कारण त्याला कुणी बोलावलंच नव्हतं.

म्हणून व्याख्यानं बंद करा असं माझं म्हणणं नाही. माझी मागणी एकच आहे आणि ती कागदावरची आहे. संगणकाच्या वार्षिक देखभालीचा, म्हणजे आपण ज्याला एएमसी म्हणतो त्याचा, एक नमुना करार संघटनांनी मिळून तयार करावा, आणि सभासदांनी संगणकवाल्याशी त्याच करारावर व्यवहार करावा.

आजची एएमसी कशी असते ते सांगतो. एक पानी लेटरहेड. ‘वर्षभर बोलावल्यावर येऊ. पार्ट्सचे पैसे वेगळे. प्रिंटरचा ड्रम वॉरंटीत नाही.’ खाली शिक्का. बॅकअप हा शब्द त्यात नसतो. अपडेट नसतं. पासवर्ड कुणाकडे राहतील, कॉम्प्युटरवाला बदलला तर ते कसे फिरतील, यावर अक्षर नसतं. म्हणजे करार दुरुस्तीचा झाला. राखण करायचं कुणी कबूलच केलेलं नाही, पण डाटा उडाला की मालक म्हणतो, ‘तू होतास की एवढी वर्षं!’ त्याचंही चूक नाही. त्याला वाटतं, पैसे दिले म्हणजे राखण आलीच. आणि पैसे किती, तर एका संगणकामागे वर्षाला एवढे, की त्यात महिन्याला एक फेरी पेट्रोलसकट बसत नाही. पुढच्या वर्षी कुणी दोनशे रुपये कमी सांगितले की काम त्याच्याकडे जातं. मग तोही पन्नास-साठ गिऱ्हाइकं धरतो आणि जिथे आग लागली तिथेच धावतो.

आता बॅकअपचं बोलू, कारण माझ्या पाहण्यात निम्मी रडारड तिथली आहे.

‘बॅकअप आहे ना?’ असं विचारलं की सगळीकडे उत्तर येतं, ‘आहे की, डी ड्राइव्हला आहे.’ डी ड्राइव्ह म्हणजे बहुतेक वेळा त्याच हार्ड डिस्कचा दुसरा कप्पा. डिस्क गेली की सी आणि डी दोन्ही बरोबर जातात. कुणी जरा शहाणा असला तर पेन ड्राइव्हवर घेतो, पण तो पेन ड्राइव्ह वर्षभर सीपीयूच्या मागे खोचलेलाच असतो. रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्राम, आलं तर त्याला सी, डी आणि पेन ड्राइव्ह सगळं सारखंच, जे दिसेल ते कुलूपबंद करतं. आणखी एक जण सांगतो, ‘आमचं गूगल ड्राइव्हला जातंय.’ जातं खरं. पण संगणकावरची फाइल बिघडली की तिची बिघडलेली प्रतही तितक्याच इमानदारीने वर जाते. जुनी आवृत्ती तीस दिवसांपर्यंत परत मिळू शकते, पण हे ऐन वेळी माहीत असायला हवं आणि त्या खात्याचा पासवर्डही हवा. ते खातं दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या नंबरवर उघडलेलं असतं.

आपल्याकडे पाण्याचंही आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही पुरांत पंचगंगा पन्नास फुटांच्या वर गेली, शिरोलीला हायवे बंद झाला, व्हीनस कॉर्नर आणि शाहूपुरीतल्या दुकानांत पाणी शिरलं. लोकांनी सीपीयू माळ्यावर ठेवले, ते वाचले किंवा नाही वाचले. पण बॅकअपची डिस्क काउंटरच्या खालच्या ड्रॉवरमध्ये होती. तिच्यात गाळ गेला. डिस्क बंद दिसते खरी, पण साध्या हार्ड डिस्कला हवेसाठी एक बारीक छिद्र असतं, तिथून पाणी जातं. अशी डिस्क उन्हात वाळवून परत चालू करून बघणं हा सगळ्यात महागडा प्रयोग. जी माहिती पुण्या-मुंबईच्या रिकव्हरीवाल्याकडून कदाचित निघाली असती ती त्या एका स्विचने संपते. तरी पुरानंतर प्रत्येक गल्लीत हेअर ड्रायर घेऊन बसलेला कुणी ना कुणी होताच.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फूट झालं की इशारा आणि ४३ झाले की धोका, हे आपल्याकडे शाळेतल्या पोराला पाठ असतं. व्हीनस कॉर्नरचा दुकानदार ३९ ऐकतो आणि माल वरच्या मजल्यावर चढवतो. संगणकाच्या बाबतीत अशी पट्टी आपण कुठे ठोकलेलीच नाही. मला विचाराल तर ती एकच आहे. घेतलेला बॅकअप दर तीन महिन्यांनी दुसऱ्याच एका संगणकावर चढवून बघायचा. टॅली उघडते का, कालचं शेवटचं व्हाउचर दिसतं का, ट्रायल बॅलन्स जुळतो का, दोन-तीन मोठ्या पार्ट्यांची येणी बरोबर आहेत का. हे मालकाने आणि अकाउंटंटने स्वतः बघायचं आणि वहीत सही करायची. ‘बॅकअप सक्सेसफुल’ असा संदेश स्क्रीनवर आला म्हणजे बॅकअप झाला असं होत नाही. फोल्डर चुकलेलं असतं, कंपनीचं जुनंच वर्ष कॉपी होत असतं, डिस्क भरून तीन महिने झालेले असतात. हे सगळं मी पाहिलंय आणि तुमच्या सभासदांकडेच पाहिलंय.

कायद्याचंही बघा. जीएसटीच्या हिशोबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची असतात. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर ऑगस्ट २०२२च्या दुरुस्तीनंतर हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर घेणं बंधनकारक आहे. वर्कशॉप भागीदारीतून कंपनीत बदलताना सीए हे सांगतो, मालक मान हलवतो आणि पुढचं काम कुणाचं ते कुणीच ठरवत नाही.

दुसरी गोष्ट, दाराची. कोविडनंतर प्रत्येक मालकाला घरून टॅली बघायची हौस आली. हौस म्हणतो, पण गरजही आहे. ती पुरवायचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट मार्ग म्हणजे राउटरमध्ये ३३८९ हा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं एक दार, उघडून विंडोजचं रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर सोडून देणं. पाच मिनिटांचं काम, मालक खूश. पण जगभरची यंत्रं चोवीस तास असे उघडे पोर्ट शोधत फिरत असतात. ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ हे नाव आणि कंपनीच्या नावापुढे १२३ असा पासवर्ड, याला फोडायला हुशारी लागत नाही, नुसती चिकाटी पुरते, आणि यंत्राला ती भरपूर असते. हल्ला बहुधा सुट्टीच्या आदल्या रात्री होतो. आत शिरलेला माणूस आधी अँटिव्हायरस बंद करतो, मग जोडलेला बॅकअप पुसतो आणि मग फाइलींना कुलूप लावतो. सकाळी प्रत्येक फाइलच्या नावापुढे अनोळखी शेपूट आणि डेस्कटॉपवर एक चिठ्ठी. घरून बघायचंच असेल तर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी कुलूपबंद खासगी वाट, लावावं किंवा टॅलीची स्वतःची सोय वापरावी. पैसे थोडे जास्त जातात, बाकी काही अडचण नाही.

अशा सकाळी कॉम्प्युटरवाला काय करतो? फॉरमॅट मारतो. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी सवय. विंडोज नवी, संगणक चकाचक, दुपारपर्यंत बिलं चालू. पण फॉरमॅटबरोबर हल्ला कुठून झाला त्याच्या खुणाही गेल्या आणि कुलूपबंद फाइलीही गेल्या. त्या फाइली नुसत्या जपून ठेवल्या असत्या तरी पुढेमागे उपयोग होता. युरोपोल, डच पोलीस आणि काही सुरक्षा कंपन्यांनी २०१६ साली ‘नो मोअर रॅन्सम’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात कित्येक जातींच्या रॅन्समवेअरच्या किल्ल्या फुकट मिळतात. सगळ्यांच्या नाही. पण आज नसलेली किल्ली सहा महिन्यांनी येऊ शकते. बाधित डिस्क काढून बाजूला ठेवायची आणि नवी डिस्क घालून काम सुरू करायचं, एवढं साधं आहे हे. नव्या डिस्कचे अडीच-तीन हजार वाचवायला पाच वर्षांचा हिशोब घालवलेला मी बघितलाय.

आता थोडं मालकांविषयी बोलतो, राग मानू नका. लाखो रुपयांचं व्हीएमसी घेणारा माणूस विंडोजच्या लायसन्सचे पैसे ऐकून मला दारातून परत पाठवतो. ‘क्रॅक टाक की, सगळे टाकतात.’ टाकणारेही आहेतच. क्रॅक, म्हणजे लायसन्स चुकवायचा चोरटा प्रोग्राम, टाकायची पहिली पायरी काय, तर अँटिव्हायरस बंद करा. सूचनेतच लिहिलेलं असतं! मग त्या क्रॅकबरोबर काय काय आत आलं हे बघायला कुणी जागं राहत नाही. ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ नावाचं जे रॅन्समवेअर आपल्याकडे घरोघरी आणि दुकानोदुकानी शिरलं ते मुख्यतः अशा क्रॅकमधूनच. माणसाने चोरलेल्या कुलपाची किल्ली चोराकडेही असणार, यात नवल काय?

आणि जुनं सोडवत नाही. विंडोज १०चा आधार, म्हणजे कंपनीकडून येणारे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. पैसे भरून काही काळ मुदत वाढते, पण नवी ११ जुन्या आय-थ्री मशीनवर अधिकृतपणे चढत नाही, तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे बऱ्याच टेबलांवरची मशीन बदलावी लागणार. व्हीएमसीला जोडलेल्या विंडोज एक्सपीच्या संगणकाची गोष्ट वेगळी. एक्सपीचा आधार २०१४च्या एप्रिलमध्येच संपला, पण मशीनबरोबर आलेलं सॉफ्टवेअर दुसरीकडे चालत नाही, हे मला मान्य आहे. तो ठेवा. फक्त त्याला नेट देऊ नका, त्यावर यूट्यूब लावू नका, आणि प्रोग्राम न्यायला एकच पेन ड्राइव्ह ठेवा जो दुसऱ्या कशाला लागणार नाही. फौंड्रीत रात्रपाळीला त्याच संगणकावर क्रिकेट चालतं, हे सुपरवायझरलाही माहीत असतं.

मेलवरची फसवणूक निर्यातदार सभासदांना परिचयाची आहे, म्हणून लांबवत नाही. परदेशातल्या पार्टीला तुमच्या नावाने मेल जातो, ‘आमचं बँक खातं बदललंय’, मेलच्या पत्त्यात एखादंच अक्षर वेगळं, आणि कास्टिंगचे पैसे तिसरीकडे. काही वेळा पत्ताही तुमचाच असतो, कारण तुमच्या मेलबॉक्समध्ये कुणीतरी महिनाभर बसून वाचत होतं आणि त्याने येणारे मेल दुसरीकडे वळवायचा नियम लावून ठेवला होता. मेलला दोन टप्प्यांचं लॉगिन, आणि खातं बदललं असं कळलं तर आधीपासून ठाऊक असलेल्या नंबरवर फोन. मेलखाली दिलेल्या नंबरवर नाही. जीएसटीच्या पोर्टलवर नोंदवलेला ईमेल आणि मोबाइल स्वतःचा आहे का, डिजिटल सहीचं डोंगल कुणाच्या ड्रॉवरमध्ये आहे, हेही एकदा बघून घ्यावं. पैसे गेलेच तर बैठक घ्यायची नाही, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा. पहिल्या काही तासांत पैसा वाटेत अडवता येतो, नंतर तो खात्या-खात्यांतून फिरून निघून जातो.

आता माझ्याच धंद्याकडे येतो. एवढ्यासाठीच तर हे पत्र लिहायला घेतलं.

कॉम्प्युटरवाल्याकडे एनीडेस्क किंवा अल्ट्राव्ह्यूअर असतं. शिरोलीत बसून कागलचा प्रिंटर नीट करता येतो. बऱ्याच ठिकाणी ते कुणाला न विचारता आत जाता येईल असं लावलेलं असतं, आणि लक्षात राहावा म्हणून सगळ्या गिऱ्हाइकांना पासवर्ड एकच. त्याचा एक मोबाइल चोरीला गेला किंवा त्याच्याकडच्या पोराने नोकरी सोडली, तर पन्नास कंपन्यांची दारं एका किल्लीने उघडतात.

हे जगात घडून गेलंय. २ जुलै २०२१ला कासेया नावाच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून रॅन्समवेअर पसरलं. ते सॉफ्टवेअर छोट्या धंद्यांचे संगणक दुरून सांभाळणाऱ्या कंपन्या वापरत, म्हणजे आमच्यासारखेच, पण मोठे. बाधित झालेले हजाराच्या आसपास धंदे बहुतेक लहान होते, त्यांनी कासेयाचं नावही ऐकलं नसेल. स्वीडनमध्ये कूप या किराणा साखळीला शेकडो दुकानं बंद ठेवावी लागली, कारण त्यांच्या बिलिंगची यंत्रणा सांभाळणारा पुरवठादार त्यात सापडला. इतक्या लांब जायचं नसेल तर जुलै २०२४ आठवा. सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ३१ जुलैला तिची जोडणी तोडली आणि सुमारे तीनशे छोट्या बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय आणि एटीएम अडलं. त्या बँकांच्या शाखांत काही बिघडलेलं नव्हतं. त्यांची जोडणी सांभाळणाऱ्यावर घाव बसला होता.

म्हणून करार दोन्ही बाजूंना बांधणारा हवा. त्यात काय असावं याबद्दल माझी मतं स्पष्ट आहेत. बॅकअपच्या तीन प्रती, त्यातली एक आवाराबाहेर आणि एक कायम सुटी काढलेली, आणि वर सांगितली ती तिमाही चाचणी सहीसकट. राउटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, मेल, रिमोट, सर्व्हर अशा प्रत्येक पासवर्डची यादी बंद पाकिटात मालकाच्या तिजोरीत. प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा रिमोट पासवर्ड, आणि समोर कुणी ‘हो’ म्हटल्याशिवाय आत शिरायचं नाही. कॉम्प्युटरवाला बदलला तर त्याच दिवशी सगळे पासवर्ड बदलायचे आणि जुन्याने सगळं हवाली केलं असं लिहून द्यायचं. आज काय होतं, तर बिलावरून भांडण होतं आणि जुना माणूस पासवर्ड अडवून बसतो. रोजचं काम करणाऱ्याला अॅडमिनचे अधिकार नकोत. क्रॅक मालकाने मागायचं नाही आणि आम्ही टाकायचं नाही. महिन्यातून एकदा अपडेट, आणि कुठल्या मशीनचा आधार कधी संपतो याचा तक्ता.

हल्ला झाल्यावरचा पहिला तास तर करारात शब्दशः लिहिलेला हवा. लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा, स्क्रीनचा फोटो घ्या, डिस्क काढून ठेवा, फॉरमॅट नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या आदेशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. लहान उद्योगांना त्या वेळी २५ सप्टेंबरपर्यंत सवलत होती, ती कधीच संपली. हे सहा तास कोण मोजणार आणि कोण कळवणार, मालक की मी? आज याचं उत्तर कुणाकडे नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू होतील. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटींपर्यंत आहे. आपल्या पॅथॉलॉजी लॅबला कुणी २५० कोटी लावणार नाही हे मलाही कळतं. पण रुग्णांचे रिपोर्ट बाहेर गेले तर ‘आमच्या कॉम्प्युटरवाल्याला विचारा’ हे उत्तर चालणार नाही.

मला माहीत आहे, कार्यकारिणीत कुणीतरी म्हणेल, ‘अँटिव्हायरस घेतलाय की!’ जरूर घ्यावा. क्विक हील तर आपल्याच मातीतली. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्यापासून सुरुवात केलेल्या कैलास काटकरांनी आणि त्यांचे बंधू संजय यांनी ती उभी केली. दुरुस्तीवाल्याच्या टेबलावरूनच राखणीचा धंदा जन्मला, हे मला फार बोलकं वाटतं. पण अँटिव्हायरस बॅकअप घेत नाही, पोर्ट बंद करत नाही आणि गेलेल्या नोकराचा पासवर्ड बदलत नाही. ते माणसाचं काम आहे.

दुसरं कुणीतरी म्हणेल, खर्च वाढेल. वाढेल. एका संगणकामागचा आजचा दर दुपटीच्या जवळ जाईल. तिमाही चाचणीला अर्धा दिवस लागतो, तो फुकट होणार नाही. पण दर कुणी एकट्याने वाढवला तर त्याचं गिऱ्हाईक शेजारच्याकडे जातं, म्हणूनच हे संघटनेने करायला हवं. फौंड्रीवाले वाळूचा आणि स्क्रॅपचा भाव मिळून बोलतात, तिथे संगणकाच्या राखणीचा किमान दर मिळून ठरवणं अवघड नाही. चिंचोळ्या गल्लीतल्या दोन संगणकांच्या दुकानाला ते परवडत नसेल तर चार-पाच दुकानांनी मिळून एक करार करावा, आवाराबाहेरची प्रत एकमेकांकडे ठेवावी, फक्त तीही पासवर्डने बंद करून. संघटनेच्या कार्यालयात दोन बरे संगणक तयार ठेवावेत. ज्याच्याकडे हल्ला होईल किंवा पाणी शिरेल त्याने ते आठवडाभर न्यावेत, बिलं काढावीत आणि परत आणून द्यावेत. जनरेटर आणि क्रेन आपण एकमेकांना देतोच.

आणि व्याख्यान ठेवाल तेव्हा मालकांऐवजी एकदा अकाउंटंट आणि कॉम्प्युटरवाल्यांना बोलवा. मार्चअखेरची धावपळ संपते आणि पाऊस सुरू व्हायचा असतो तो मे महिन्याचा काळ सोयीचा आहे. भाषण नको, प्रत्येकाने आपला बॅकअप घेऊन यावं आणि सभागृहातल्या संगणकावर चढवून दाखवावा. किती जणांचा उघडतो ते तिथेच कळेल. गुपिताचा प्रश्न येईल, एकाचा हिशोब दुसऱ्याने बघू नये, तर मध्ये पडदे लावा किंवा एकेकाला आत घ्या.

कराराचा दोन पानी मसुदा मी लिहून ठेवला आहे, मराठीत, इंग्रजी वकिली भाषेत नाही. त्यात एक कलम मला नीट लिहिता येत नाहीये. चाचणी झालेली असतानाही माहिती गेली, तर कॉम्प्युटरवाल्याची जबाबदारी कुठपर्यंत? वर्षभराच्या बिलाइतकी असं मी लिहिलंय. मालकांना ते कमी वाटेल आणि माझ्या धंद्यातल्यांना जास्त. इथे संघटनेचा वकील लागेल, आणि दोन्ही बाजूंची माणसं एका टेबलावर बसायला लागतील. पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्यावा. मसुद्याच्या प्रती मी घेऊन येईन.

आपला,
संगणक देखभाल करणारा एक व्यावसायिक,
कोल्हापूर